अहो, होडीला पोट असतं!

तुम्हाला माहीत होतं का, होडीला पोट असतं? मला नव्हतं! पोट असतं, कणा असतो, बरगड्या असतात, पुढे पाणी कापत जाणारी नाळ असते, आणि या सगळ्यांचं आपापसात पटलं तर होडी चालते, नाही पटलं तर नुसती तरंगते! तरंगणं वेगळं आणि चालणं वेगळं! सध्या मी भेटेल त्याला हे सांगत सुटलोय. परवा साखर आणायला गेलो आणि दुकानदाराला पठाण म्हणजे काय ते समजावून परत आलो. (पठाण म्हणजे होडीचा कणा. घ्या, तुम्हालाही सांगून टाकलं!) साखर राहिलीच.

आधीच सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी माणगावचा. रायगड जिल्हा म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, पण आमच्या माणगावात आठवतो तो मुंबई-गोवा हायवे आणि त्यावर अडकलेल्या गाड्या! आमच्याकडे पाणी म्हणजे काळ नदी, आणि समुद्र म्हणजे बाजारात टोपलीत येतो तेवढा. माझं काम हिशेब लिहिण्याचं आणि लोकांच्या कर्जाचे कागद करण्याचं. ट्रॅक्टर, टेम्पो, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या फायली केल्यात. बोटीची कधी आली नव्हती.

आणि मग काका आले! राजपुरीच्या खाडीकाठचे, आमच्या सासुरवाडीच्या ओळखीतले, उभा जन्म पाण्यात काढलेले. म्हणाले, "बोट घ्यायचीय, कागद कर." मी पेन उघडून विचारलं, "कुठली बोट?" काका खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तेच तर ठरत नाय!"

आता बघा! ज्या माणसाने बापाची एकाच लाकडातून कोरलेली डोंगी वल्हवली, मग शिडाची होडी चालवली, मग दोन सिलिंडर घेतली, मग भावाच्या भागीत सहा सिलिंडर घेऊन खोल समुद्रात जाळी टाकली, त्याला पुढची बोट कुठली ते ठरवता येईना! मला वाटायचं, अनुभव वाढला की निवड सोपी होते. अजिबात नाही! नवख्याला काय, एक रंगीत बोट दिसली की झालं. काकांना प्रत्येक बोटीत तिचे पुढचे दहा पावसाळे दिसतात!

(आणि हो, बोटी सिलिंडरवर मोजतात! एक सिलिंडर, दोन, तीन, सहा. इंजिनाला सिलिंडर किती, त्यावरून बोट केवढी, ती कुठवर जाते, तिच्यावर खलाशी किती लागतात, सगळा अंदाज येतो. बाई विचारते, "मुलगा काय करतो?" उत्तर येतं, "सहा सिलिंडरवर आहे." झाली ओळख!)

पावसाळ्याचे दिवस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, मोठ्या बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, सगळ्या कोळीवाड्याचं लक्ष नारळी पौर्णिमेकडे. बोट विकायची, घ्यायची, दुरुस्त करायची ती याच दिवसांत. काका म्हणाले, "कागदावर नाय समजायचं तुला. चल." आणि मग मी निघालोच! इंदापूर, तळे आणि मग मांदाड. अहो, आमच्या माणगावातून एवढ्या जवळ खारं पाणी आहे! मी जन्मभर पाठ फिरवून बसलो होतो!

रस्त्यात काकांनी विचारलं, "आज तिथी काय?" मी म्हटलं, सप्तमी. "साताची पाऊणपट कर." मी केली. सव्वापाच. "मग सव्वापाचाला भरती. सकाळची तशीच सांजची. खाडीत आत जरा उशिरा." बस्स! तिथीची पाऊणपट! घड्याळ नको, तक्ता नको! मी गुपचूप मोबाइलवर मुंबईच्या भरतीची वेळ बघितली, आणि जवळपास जुळली! मी हिशेबाचा माणूस, मला राहवेना. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते, म्हणजे एका तिथीला जवळजवळ पाऊण तास! अष्टमीला आठाची पाऊणपट सहा! चतुर्थीला तीन! आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. घरातल्या कालनिर्णयाकडे आता मी वेगळ्याच नजरेने बघतो!

तुम्ही म्हणाल, बोट निवडण्याशी याचा काय संबंध? सगळाच संबंध आहे! खाडीत भरती उतरली की मागे चिखल उरतो. बोटीचं पोट खोल असेल तर पाणी येईपर्यंत ती कुशीवर पडून राहते. पोट सपाट असेल तर ऐटीत चिखलावर बसते. म्हणजे बोट निवडायची तर आधी बोट बघायचीच नाही! आधी ती जिथे उभी राहणार ते पाणी बघायचं, तेही ओहोटीला! काका मला पहिल्यांदा तेच दाखवायला घेऊन गेले. चिखल! मी चिखल बघून एवढा खूश कधी झालो नव्हतो. त्यात निवट्या, चिखलातले ते मासे, टुणटुण उड्या मारत होत्या!

मांदाडच्या खाडीवर एका डोंगरात कुडा लेणी आहेत. सव्वीस बौद्ध लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पाऊस आला म्हणून आम्ही तिथे वर चढलो. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे! इथे लोखंडाचा व्यापारी! या झाडीत! आणि मग खाली नजर गेली की उलगडतं, खाडी थेट पायथ्याशी आलेली. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात मांदागोरा नावाचं बंदर येतं, ते काही अभ्यासक बाणकोटला मानतात, तर काही इथे मांदाडला. मी अर्थातच मांदाडच्या बाजूने आहे! पुरावा विचारू नका, माणगावच्या माणसाला बंदर मिळत असेल तर तो का सोडेल? लेण्याच्या ओट्यावर बसून मी म्हटलं, "काका, त्या काळीही कोणीतरी इथे बसून विचार करत असेल, पुढचं गलबत कुठलं घ्यावं?" काका म्हणाले, "असंल. आणि बायको म्हणत असंल, आहे तेच चालव."

आता पोटाचं सांगतो. घरी करून बघा, माझ्याबरोबर करा! टपात पाणी घ्या. एक ताट सोडा आणि एक वाटी सोडा. ताटाला कडेला बोट लावा, ते लवकर कलत नाही. छान वाटतं ना? अजून दाबा. गेलं! सांगून सवरून नाही, एकदम पाणी आत! वाटी मात्र हात लावला की डुलते, भीती वाटते, पण डुलून परत उभी राहते. आता वाटीत तळाशी एक लिंबू ठेवा. शांत झाली! दर्यावर्दी लोक त्या लिंबाला नीरम म्हणतात, बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी घातलेलं वजन. आमच्या न्हाणीघरात मी हे इतका वेळ करत बसलो की बायको दारात येऊन म्हणाली, "ताटं तरी स्टीलची घ्या, पितळेची नकोत."

तर खाडीत आणि चिखलात ताट बरं, लाटांत वाटी बरी. मधलं काहीतरी हवं असेल तर पुढे नाळेकडे टोकदार, मध्ये रुंद, मागे सपाट. कुठलीही होडी पुढून, मधून आणि मागून तीन वेगळ्या होड्या असते! हे एकदा दिसलं की दिसतच राहतं. मी आता बंदरावर होडीच्या मागे जाऊन वाकून बघतो. लोक माझ्याकडे बघतात.

आणि मग आला मोठा वाद, लाकूड की फायबर! किनाऱ्यावर चार जण बसले असतील तर या विषयावर पाच मतं मिळतात. लाकडाची बाजू अशी की फळी कुजली तर तेवढीच फळी काढा, नवी बसवा, होडी पुन्हा तरुण! फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवतात, आणि गंमत ऐका, महिनोन्महिने कोरडी पडलेली लाकडी होडी पाण्यात उतरवली की पहिल्यांदा गळते! सगळ्यांदेखत गळते! आणि कोणी घाबरत नाही! लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आवळतात आणि गळती आपोआप कमी होते. पाणी आत येऊनच पाणी थांबतं! मी हे ऐकून दोन वेळा "पुन्हा सांगा" म्हटलं.

पण लाकडाला एक वैरी आहे. टेरेडो. लोक त्याला किडा समजतात, लांबलचक, गांडुळासारखा, लाकूड पोखरत जातो, बाहेरून सुईएवढं भोक आणि आत फळी पोकळ. आणि तो किडा नाहीच! तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे! आपण ज्या तिसऱ्यांचं सुकं करून खातो, त्यांचा चुलतभाऊ! त्याच्या डोक्याशी दोन इवलेसे शिंपले असतात आणि त्यांनीच तो लाकूड किसतो! म्हणजे इतकी वर्षं कोकणी माणूस तिसऱ्या खातोय आणि तिसऱ्यांचा भाऊबंद कोकणी माणसाची होडी खातोय! फिट्टंफाट! त्याला गोडं पाणी मानवत नाही, कोरडं ऊनही नाही. होडी किनाऱ्यावर ओढून वाळवणं, तेल चोपडणं, हा सगळा खटाटोप रंगरूपासाठी नाही, या महाशयांसाठी!

फायबरला टेरेडो शिवत नाही. वजन कमी, सांधे नाहीत, दरवर्षी कापूस ठोकायला नको. पण फायबरचं दुखणं वरून दिसत नाही. आता हे बघाच! एक वापरलेली फायबर होडी विकायला होती, निळी, चकचकीत, मी तर तिथेच प्रेमात पडलो. काकांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि होडीच्या अंगावर ठोकत निघाले. टक. टक. टक. टक. नाळेपासून मागे, एक वीत सोडून एक वीत. टक. टक. मी मागोमाग, कान लावून. टक. टक. ढब! काका थांबले. परत मागे आले. टक. ढब. ढब. टक. बोटाने हवेत एक गोल काढला, जेवणाच्या पत्रावळीएवढा. "इथं आतले थर सुटलेत." बाहेरून काही नाही हो! तोच निळा रंग, तीच चकाकी! मालक एकदम गप्प. आणि मग मला नाणं दिलं. मी ठोकलं. ढब! मला ऐकू आलं! मला! हिशेबनिसाला! तेव्हापासून माझ्या खिशात ते नाणं आहे आणि माझं घरात पाण्याची टाकी, दरवाजे, टेबल, सगळं ठोकून झालंय. आमच्या कपाटाचं उजवं दार ढब आहे.

मला वाटत होतं फायबर म्हणजे आधुनिक आणि लाकूड म्हणजे जुनं. पण तेही नाही! कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती म्हादेई नावाची नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, आणि तिच्यात लाकडाचा गाभा आणि वर फायबर! दोन्ही! भांडण मिटलं! आणि 2025 मध्ये आपल्या नौदलात कौंडिण्य नावाचं जहाज दाखल झालं, अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र बघून बांधलेलं, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या! खिळे नाहीत! शिवलेलं जहाज! मी काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला आणि टाक्यांवर नेला. फार वेळ बघितलं. "टाका बराबर घातलाय," म्हणाले. काकांकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही!

मी आता घरी रात्री जागून वाचतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराब होती आणि गलबत होतं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वागवणारी, दीडशे ते तीनशे टनांची. गलबत हलकं, फार तर सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारं. आणि वारा पडला की छोटी गलबतं मोठ्या गुराबांना ओढून न्यायची! लढाईत! म्हणजे मोठी की छोटी या प्रश्नाला आंग्र्यांचं उत्तर होतं, दोन्ही! मी धावत जाऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, "त्यांच्याकडं वल्ह्याला माणसं होती."

आणि इथे गाडी खऱ्या प्रश्नावर आली! माणसं! सहा सिलिंडरवर सहा-आठ खलाशी लागतात. भाऊ थकला. काकांचा एक मुलगा मुंबईत, दुसरा आमच्याच माणगावच्या विळे-भागाड एमआयडीसीत कंपनीत. खलाशी बाहेरून आणायचे, त्यांना आगाऊ पैसे द्यायचे, डिझेल, बर्फ, जाळी. मी कागदावर सगळं मांडून दाखवलं (ते मला येतं!) आणि काकांनी आकड्यांकडे न बघता म्हटलं, "आकडा राहू दे. सकाळी हाक मारायला कोण, ते सांग." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं! बोटीची लांबी फुटात मोजतातच, पण ठरते ती माणसांत! तुमच्याबरोबर कोण येणार, तेवढीच तुमची बोट!

तरीही मी एक गंमत त्यांना ऐकवल्याशिवाय राहिलो नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर बांधलेला असतो! फुटातली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साधारण 1.34 ने गुणा, आले नॉट! सोळा फूट असेल तर पाच-साडेपाच, छत्तीस फूट असेल तर आठ. म्हणजे वेग दुप्पट हवा तर बोट चौपट लांब! कितीही जोर लावा, ती आपल्याच उठवलेल्या लाटेत अडकते! फक्त हलकी, सपाट पोटाची, ताकदीच्या इंजिनाची होडी पाण्यावर उचलली जाते आणि या हिशेबातून निसटते! काका शांतपणे म्हणाले, "मला घाई कुठं हाय?"

अरे हो! घाईच नाही! हा मुद्दा माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता!

पर्यटकांच्या बोटीचाही विचार झाला. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात, तिकोनी शीड, वारा भरला की अंगावर काटा येतो! पण प्रवासी न्यायचे तर मेरीटाईम बोर्डाचे परवाने, लाइफ जॅकेटं, माणशी हिशेब, आणि काका म्हणाले, "मासा बोलत नाय." विषय संपला.

मग ठरलं काय? ऐका, मला सांगताना धाप लागतेय! सहा सिलिंडरमधला आपला भाग काका पुतण्याला देणार. स्वतःसाठी फायबरची लहान होडी, नवी, नाणं ठोकून घेतलेली! पोट सपाटाकडे झुकणारं, चिखलावर बसेल असं. नाळ उंच, खाडीच्या तोंडाशी लाट आली तर वर चढेल अशी. मागे आउटबोर्ड इंजिन, कारण पाणी उथळ झालं की ते वर उचलता येतं, पंखा चिखलात अडकत नाही! आणि आता सगळ्यात भारी. काठ! काठ उंच असेल तर लाट आत येत नाही, पण जाळं ओढताना तो उंच काठ ओलांडून ओढावं लागतं, आणि त्यात कंबर जाते. काठ खाली असेल तर जाळं अलगद आत, पण लाटही अलगद आत! काकांनी तीन होड्यांत गुडघ्यावर बसून बघितलं, हात बाहेर काढून रिकामं जाळं ओढल्यासारखं केलं, उठले, परत बसले. एका होडीत बसल्या बसल्या त्यांचा चेहराच बदलला. काठ बरोबर बरगडीखाली आला होता. "ही," म्हणाले. दर्या तोच आहे, माप काकांच्या कंबरेचं घेतलंय! शिंप्याकडे सदऱ्याचं घेतात ना, अगदी तसं गांभीर्याने!

फाइल तयार आहे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर फाइल! त्यात होडीचं चित्रही मी काढलंय, मागितलं नव्हतं तरी. काकांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पागाचं जाळं टाकायला मी एकटा पुरे. पण वल्हं धरायला एक लागतो. तुला पवता येतं?"

येतं! म्हणजे काळ नदीत येतं! उन्हाळ्यात! कमरेएवढ्या पाण्यात! पण येतं! नारळी पौर्णिमा झाली की बरी भरती असेल त्या पहिल्या रविवारी निघायचंय, तिथी बघून ठेवलीय, पाऊणपट करून ठेवलीय. आणि होडीत चौघे मावतात, मी स्वतः बसून बघितलंय, म्हणजे अजून दोघांची जागा आहे! तुम्ही एवढं वाचलंत, म्हणजे तुम्हीही आता अडकलात. येताना जुने कपडे घाला, चप्पल चिखलात राहते. आणि एक रुपयाचं नाणं घ्या!